मंडपातल्या गिटारला स्पीकर कोणता?

प्रश्न विचारणारा पोरगा गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाकडच्या एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. त्याच्याकडे ६० वॅटचं ट्रान्झिस्टर हेड, म्हणजे स्पीकर नसलेलं नुसतं अँप आहे, मागे ‘किमान ४ ओहम’ असं छापलेलं; ओहम म्हणजे स्पीकर विजेला किती विरोध करतो त्याचं माप. दोन बारा इंची स्पीकरचं कॅबिनेट आहे, त्यातला एक स्पीकर उडालाय. दुकानदार म्हणतो, ३०० वॅटचा डीजेवाला टाक, जन्मभर पाहायला नको. मित्र म्हणतो, व्हिंटेज ३० या गिटार स्पीकरशिवाय दुसरं काही घेऊच नको. स्वतः त्याने ग्रीनबॅक या दुसऱ्या गिटार स्पीकरचं कौतुक वाचलंय. जुना घेतला तर चालेल का, हेही विचारलंय. दिवाळी झाली की आमच्या पूर्व विदर्भातली मंडपातली नाटकं सुरू होणार, तोपर्यंत निर्णय हवा. “काका, एकच नाव सांगा,” असं शेवटी लिहिलंय.

नाव सांगतो बाबू, पण थोडं ऐकून घे.

तो स्पीकर खरंच उडालाय का, हे आधी पाहू. आपल्याकडे आवाज बंद झाला की स्पीकर ‘उडाला’. कॅबिनेट अँपपासून सोडव, दोन्ही स्पीकर एकमेकांपासून वेगळे कर आणि मल्टिमीटरने एकेक मोज. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर ६ ते ७ दाखवतो, १६ चा १२-१३ च्या आसपास. एवढं दिसलं तर कॉइल, म्हणजे आतली तांब्याच्या तारेची गुंडाळी, शाबूत आहे. काहीच दिसलं नाही तरी लगेच डोक्याला हात लावू नको. टर्मिनलपासून कागदापर्यंत, म्हणजे हलणाऱ्या कोनापर्यंत, वेणीसारख्या दोन मऊ तारा जातात, त्यातली एक कागदाजवळ तुटलेली असू शकते. ती डागता येते. माझ्या टेबलावर उडालेले म्हणून आलेले कितीतरी स्पीकर तेवढ्यावर घरी गेलेत. मीटर बरोबर आहे पण आवाज खरखरतोय, असं असेल तर मधल्या टोपीच्या दोन्ही बाजूंना बोटं सारखी टेकवून कागद हलकेच आत दाब. घासल्यासारखं लागलं की समज, कॉइल चुंबकाच्या फटीत अडकतेय. कॉइल जळून फुगली की असं होतं, तसंच मेटाडोरमध्ये कॅबिनेट आदळून चुंबक केसभर सरकला तरी होतं. सरकलेल्या चुंबकावर कॉइल बदलण्यात पैसे घालू नको, नवी कॉइलही तशीच घासणार.

आणि एकदा मागून टॉर्च मारून कागद पाहा. पावसाळाभर कॅबिनेट धानाच्या कोठीशेजारी ठेवलं असेल, तर उंदराने काम केलेलं असू शकतं. हसू नको. हार्मोनियमचा भाता आणि स्पीकरचा कागद, दोन्ही त्याच्या आवडीचे.

आता तो ३०० वॅटचा. दुकानदाराला जो परत येत नाही तो स्पीकर चांगला, आणि त्याच्या जागी तो बरोबरच आहे. मीही हेच केलं होतं. नागपूरला सीताबर्डीवरून चांगल्या जाड चुंबकाचा, जाड कागदाचा बारा इंची स्पीकर आणला आणि मोठ्या हौसेने गिटारच्या कॅबिनेटमध्ये बसवला. रात्री सिंदेवाहीकडे कार्यक्रम होता. पहिल्याच गाण्यात ढोलकीवाल्याने माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या, “गिटार कुठं गेलं?” अँप पूर्ण उघडलं होतं आणि आवाज गोधडीखालून येत होता. स्पीकर काही उडाला नाही. आजही एका मित्राच्या बेस कॅबिनेटमध्ये मजेत वाजतोय.

त्या रात्री काय झालं ते समजून घे, बाकीचं सगळं त्यातच आहे. स्पीकरवर लिहिलेले वॅट म्हणजे तो किती सोसतो त्याचा आकडा. किती ओरडतो, ते वॅट सांगत नाहीत. ते दुसऱ्या आकड्यात असतं, संवेदनशीलता म्हणतात त्याला: १ वॅट दिला तर १ मीटरवर किती डेसिबल आवाज येतो. त्या ३०० वॅटवाल्याची होती ९४. गिटारसाठी बनवलेल्या चांगल्या स्पीकरची ९७ ते १०० असते. सहाचा फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण दर ३ डेसिबलला अँपची ताकद दुप्पट लागते. म्हणजे १०० वाल्या स्पीकरवर तुझं ६० वॅटचं अँप जेवढं वाजेल, तेवढं ९४ वाल्यावर वाजवायला २४० वॅटचं अँप पाहिजे. स्पीकर बदलून अँप चौपट करता येतं किंवा पाव करता येतं. मी पैसे देऊन पाव करून आणलं होतं.

दुसरं कारण आवाजाच्या पट्टीचं. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झवर बोलते आणि बारीक तारेवर चोविसावा पडदा दाबला तर १३१९ वर. त्याच्या वर जे असतं ते त्याच सुरांचे उपस्वर. गिटारचा स्पीकर साधारण ७० पासून ५ हजार हर्ट्झपर्यंत वाजतो आणि तिथून धाडकन खाली येतो. तो दोष नाही, तेच त्याचं काम. डिस्टॉर्शन लावल्यावर, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाटवल्यावर, अँपमधून जी किरकिर निघते, ती ५ हजारांच्या वर भरपूर असते आणि हा पातळ कागद ती गाळून टाकतो. डीजेचा स्पीकर दुसऱ्या कामासाठी घडवलेला. खाली ४०-५० हर्ट्झपर्यंत धमक द्यायची म्हणून कागद जड, कडा कापडाची. वरचा आवाज हॉर्नवाला सांभाळेल या हिशेबाने दोन-तीन हजारांच्या वर तो आळसावतो. त्यामुळे त्यात गिटार मंद होतं. आणि हॉर्न असलेल्या पूर्ण टॉपमध्ये, म्हणजे साउंडवाल्याच्या मोठ्या स्पीकरपेटीत, डिस्टॉर्शनची गिटार सरळ घातली, तर मधमाश्यांचं पोळं उठल्यासारखं होतं. दोन्हीकडून मार.

मग गिटारच्या स्पीकरमध्येही एकेकाचा स्वभाव वेगळा. आपल्याकडे चर्चा होते ती मुख्यतः सेलेस्टियनची, म्हणून त्यांच्यावरच बोलतो. ही इंग्लंडची कंपनी. अमेरिकेतल्या केंटकीची एमिनन्स आणि मूळची शिकागोची जेन्सन हीसुद्धा मोठी नावं आहेत, पण मिळणं, वॉरंटी, पुन्हा तसाच दुसरा सापडणं, हे सगळं पाहता तुझ्या कामाला त्यांची तुलना नको.

ग्रीनबॅक, म्हणजे जी१२एम. २५ वॅट, ९८ डेसिबल. साठच्या दशकापासूनचा. मधला आवाज गुरगुरता, खालचा मऊ, आणि जोरात वाजवलं की कागद स्वतःच किंचित फाटल्यासारखा बोलू लागतो. लोक ज्याला प्रेमाने ‘क्रंच’ म्हणतात, त्यातला काही भाग अँपचा नसून या कागदाचा असतो. मलाही हा स्पीकर फार आवडतो. पण दोन लावले तर ५० वॅट सोसतील आणि तुझं हेड ६० चं. वर आणखी एक गोष्ट: अँपवर लिहिलेले वॅट स्वच्छ आवाजाचे असतात. डिस्टॉर्शन पूर्ण चढवलं की लाटेचे माथे कापले जाऊन ती चौकोनी होते, तेव्हा तेच अँप लिहिल्यापेक्षा दुपटीपर्यंत ताकद बाहेर टाकू शकतं. म्हणून स्पीकरची बेरीज अँपच्या दीडपट तरी असावी, दुप्पट असेल तर निवांत झोप. म्हणजे तुला ९० ते १२० वॅट पाहिजेत. मार्शलच्या चार स्पीकरच्या जुन्या कॅबिनेटात हेच ग्रीनबॅक असायचे, चार पंचवीस शंभर. १०० वॅटच्या हेडखाली दोन कॅबिनेटं एकावर एक दिसायची, त्यात शोभा होती तशी ही गरजही होती.

व्हिंटेज ३० हे नाव फसवं आहे. तो ३० वॅटचा नाही, ६० वॅटचा आहे, आणि आला १९८६ मध्ये. संवेदनशीलता १००. दोन-अडीच हजार हर्ट्झच्या आसपास त्याला एक उंचवटा आहे, आणि माणसाचा कान तिथेच जास्त तिखट असतो. त्यामुळे आकड्यापेक्षाही तो जोरात भासतो. खोलीत एकटं वाजवताना काही जणांना तो टोचतो, माझ्याही कानाला टोचतो. पण मंडपात ऑर्गन आहे, ऑक्टोपॅड आहे, ढोलकी आहे, समोर हजार-दोन हजार माणसं, मागे जनरेटर धडधडतोय. तिथे हाच उंचवटा गिटारला गर्दीतून वाट काढून देतो. गल्लीतल्या भांडणात बारीक पण चिरका आवाज जसा लांबून ऐकू येतो, तसं.

जी१२टी-७५ तुला जुन्या मार्शल कॅबिनेटांत भेटेल. ७५ वॅट, ९७ डेसिबल. खाली घट्ट, वर चमकदार, मध्ये खड्डा. घरी ऐकशील तर तिघांत हाच तुला सगळ्यात भारी वाटेल. मंडपात त्या खड्ड्यातच तुझी गिटार बुडेल, कारण खालची जागा बेस आणि ढोलकीने घेतलेली असते, वरची झांजांनी. तुला उरते ती मधलीच. सेव्हंटी ८० स्वस्तातला, ८० वॅट, ९८ डेसिबल, बऱ्याच तयार अँपमध्ये कंपनीकडूनच बसवलेला असतो. थोडा कडक, चव जरा कमी, पण इमानी. पैसे अगदीच कमी असतील तर तो घ्यायला लाजू नको.

आणि क्रीमबॅक. हे दोन आहेत, गोंधळ करू नको. जी१२एम-६५ म्हणजे ग्रीनबॅकच्याच वळणाचा, पण ६५ वॅट सोसणारा, ९७ डेसिबल. जी१२एच-७५ मोठ्या चुंबकाचा, ७५ वॅट, १०० डेसिबल, खालून जास्त भरलेला. ज्याला ग्रीनबॅकचा मोह सुटत नाही पण अँप मोठं आहे, त्याच्यासाठी हे.

आकडे वाचून निवडता येतं ते इथवरच. पुढचं कानाने, आणि कानाने निवडताना सगळे एकच चूक करतात: गुडघ्याएवढ्या उंचीच्या कॅबिनेटपुढे उभं राहून ऐकतात. बारा इंची कागद दीड-दोन हजार हर्ट्झच्या वरचा आवाज टॉर्चच्या झोतासारखा सरळ समोर फेकतो. तू उभा, तुझे कान झोताच्या वर. तुला आवाज बोथट वाटतो आणि तू ट्रेबल चढवतोस. झोत जातो पुढच्या रांगेत चटईवर बसलेल्या म्हाताऱ्यांच्या कानात. नाटक संपल्यावर कुणीतरी येऊन म्हणतं, “पोरा, तुझ्या गिटारनं कान फाटले ना बापा,” आणि आपण दोष देतो स्पीकरला. कॅबिनेटच्या पुढच्या कडेखाली एक वीट सरकव, म्हणजे तोंड तुझ्याकडे वळेल. किंवा खुर्चीवर ठेव. मगच ट्रेबलच्या बटनाला हात लाव. नवा स्पीकर घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाची भानगड नुसत्या विटेने सुटलेली मी बऱ्याचदा पाहिलीय, आणि ते गिऱ्हाईक परत पाठवलंय.

दोन स्पीकरची तुलना करायची असेल तर कॅबिनेट तेच, जागा तीच, अँपची बटनं तीच, आणि आवाज सारखा. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. जो किंचित मोठा वाजतो तो कानाला ‘चांगला’ वाटतोच, मग तो कसाही असो. ९७ वाला आणि १०० वाला शेजारी ठेवले तर दर वेळी १०० वालाच जिंकणार. मोबाइलमधलं आवाज मोजायचं अॅप एवढ्या कामाला पुरतं; एकाच जागी मोबाइल ठेव, एकच कॉर्ड त्याच जोराने वाजव आणि आकडा जुळेपर्यंत व्हॉल्यूम हलव. मग कुणाला तरी वाजवायला बसव आणि तू स्वतः अंगणातून वीस पावलं मागे जा. समोरून ऐक, तिरपा होऊन ऐक. शक्य असेल तर ऑर्गनवाल्यालाही सोबत वाजवायला लाव, कारण एकट्या गिटारचा गोड आवाज आणि मेळातला गोड आवाज हे दोन वेगळे प्राणी आहेत. नवा स्पीकर पहिले काही तास आखडलेला असतो, कागदाची कडा आणि आतला स्पायडर, म्हणजे कॉइलला मधोमध धरणारी कापडी चकती, मोकळी व्हायला वेळ लागतो, म्हणून पहिल्या दिवशीच निकाल देऊ नको.

कॅबिनेटची पाठ उघडी आहे की बंद, हे तू लिहिलं नाहीस. तो फरक ग्रीनबॅक आणि व्हिंटेजमधल्या फरकाएवढा, कधी त्याहून मोठा असतो. उघड्या पाठीत मागचा आवाज मागून निघतो आणि खोलीच्या भिंतींवरून फिरून येतो, म्हणून घरी तो भरून राहिल्यासारखा वाटतो. मंडपात मागे भिंत नाही, पडदा आहे. मागे गेलेला आवाज गेला तो गेलाच, शिवाय पुढचा-मागचा आवाज एकमेकांना खालच्या पट्टीत खातात. त्यात आपल्या नाटकाच्या स्टेजवर वर माईक टांगलेले असतात. उघड्या पाठीतून उडालेला आवाज त्या माईकमध्ये शिरतो आणि साउंडवाला गिटार खाली ओढतो. आपल्या कामाला पाठ बंद बरी. उघडी असेल तर १८ मिलिमीटरच्या प्लायची फळी कापून घे, कडेला फोमची पट्टी लाव, पुरेसे स्क्रू मार. पार्टिकल बोर्ड नको. एका पावसाळ्यात पोळीसारखा फुगतो आणि स्क्रूची पकड सुटते. गावात सागवान मिळतं म्हणून सागाचं कॅबिनेट करण्याचा विचार कुणी डोक्यात घातला असेल, तर ते उचलणार कोण ते आधी विचार. एक व्हिंटेज ३० च ४.७ किलोचा आहे. दोन स्पीकर, वरून साग, आणि पहाटे पाच वाजता ते मेटाडोरवर चढवायचं.

जुना घेऊ का, असंही विचारलं आहेस. घे, पण समोर बसून, वाजवून. मी स्वतः एकदा फोटो पाहून पैसे पाठवले. लेबल खरं होतं, चुंबक खरा होता, कागद मात्र कुण्या कारागिराने नंतर चिकटवलेला, जाड आणि परका. स्पीकरचा आवाज बहुतेक कागदात आणि कॉइलमध्ये असतो. ते बदलले की उरते फक्त लोखंडाची पाटी. विकणाऱ्याने नंतर फोन उचलला नाही. तेव्हा मागून टॉर्च मार, डिंकाचे ओघळ पाहा, कडेच्या घड्या एकसारख्या आहेत का पाहा. आपल्या गावचे कारागीर कॉइल भरण्यात वाईट नाहीत, भजन मंडळांचे भोंगे आणि कॉलम त्यांच्याच हातांवर चालतात. पण गिटारच्या स्पीकरला मूळ कागदाचंच वजन आणि जाडी पाहिजे, आणि तो कागद त्यांच्याकडे नसतो.

उष्णतेचं एक वाक्य सांगून टाकतो, कारण आपल्याकडे लग्नांचे कार्यक्रम मे महिन्यात असतात. तांबं तापलं की त्याचा विरोध वाढतो, दर अंशाला ०.४ टक्क्याच्या आसपास. ४५ अंशांच्या दुपारी बंद गाडीतून काढलेला स्पीकर लगेच पूर्ण जोराने वाजवला तर कॉइल आणखी तापते, आवाज बसतो, आपण अँप वाढवतो, कॉइल अजून तापते. उडणारे बरेच स्पीकर असे उडतात. आवाज बसल्यासारखा वाटला तर व्हॉल्यूम वाढवायच्या ऐवजी एक गाणं कमीवर काढ.

आता नाव. तुझा चांगला राहिलेला स्पीकर नाव नसलेला आहे. त्याच्या शेजारी एक भारी स्पीकर बसवला तर भारीवाला एकटाच गाईल. पैसे असतील तर दोन्ही बदल: एक व्हिंटेज ३० आणि एक क्रीमबॅक जी१२एम-६५, दोन्ही ८ ओहमचे. व्हिंटेज वाट काढतो, क्रीमबॅक त्याच्या टोचण्याला मागून आधार देतो. समान ओहमचे असल्यामुळे ताकद दोघांत सारखी वाटली जाते, म्हणून हिशेब लहान आकड्याचा धरायचा: ६० आणि ६०, म्हणजे १२०. तुझ्या हेडच्या दुप्पट. समांतर जोडले की ८ आणि ८ चे ४ ओहम होतात, हेडला चालतात. १६ चे दोन घेतलेस तर समांतर जोडून ८ होतील. ट्रान्झिस्टर अँप त्याने बिघडणार नाही, फक्त कमी ताकद देईल. ४ च्या खाली मात्र कधी जाऊ नको. आणि उद्या कुणाचं व्हॉल्वचं, म्हणजे काचेच्या नळ्यांचं, अँप आणून लावलंस तर त्याच्या मागचा ओहमचा आकडा कॅबिनेटशी जुळवूनच लाव, आणि स्पीकर न जोडता ते चालू तर मुळीच करू नको, ट्रान्सफॉर्मर जातो.

एकाचेच पैसे असतील तर आज एकटा व्हिंटेज ३० घे आणि जुना स्पीकर काढून ठेव. ६० वॅटचा एकटा, ८ ओहमवर हेड तसंही पूर्ण ताकद देत नाही, चालेल. डिस्टॉर्शन लावून मास्टर व्हॉल्यूम शेवटपर्यंत न्यायचा नाही एवढं पाळ. रिकाम्या भोकावर प्लायचा तुकडा घट्ट बसव. दुसरा होळीनंतर घे. आणि तुमचा साउंडवाला मल्टिइफेक्टमधून, म्हणजे गिटारच्या इफेक्टच्या पेटीतून, थेट मिक्सरलाच वायर नेत असेल, तर या सगळ्यातलं काहीच घेऊ नको. तेव्हा लोक ऐकतात ते साउंडवाल्याचे टॉप, तुझं कॅबिनेट फक्त तुझ्यासाठी. सेव्हंटी ८० टाक आणि उरलेल्या पैशांत मल्टिइफेक्टमधलं कॅबिनेटचं सेटिंग नीट शिकून घे, ते फुकट आहे.

बसवताना स्क्रू गाडीच्या चाकासारखे समोरासमोरचे आळीपाळीने आवळ, एका बाजूने आवळत गेलास तर पत्र्याची चौकट वाकते. जोडून झाल्यावर ९ व्होल्टची बॅटरी कॅबिनेटच्या वायरला क्षणभर टेकव. दोन्ही कागद एकाच वेळी एकाच दिशेने हलले पाहिजेत. एक बाहेर आणि एक आत गेला तर एकाच्या तारा उलट्या आहेत. तसंच वाजवलंस तर खालचा आवाज नाहीसा होईल आणि तू मला पुन्हा लिहिशील की व्हिंटेज ३० पातळ वाजतो. पहिली चार-पाच नाटकं झाली, गाडी गडचिरोलीकडच्या रस्त्यावरून दोनदा फिरून आली, की सगळे स्क्रू पुन्हा एकदा तपास. आणि तो उडालेला फेकू नको. नागभीडवरून जाशील तेव्हा घेऊन ये, ती वेणीची तार मला पाहायची आहे.